सासऱ्यांना विचारून केलेला वकील

घटस्फोटासाठी वकील कोणता करावा, हे मी थेट सासऱ्यांनाच जाऊन विचारलं. हसू नका. कोर्टाची पायरी रोज चढलेला माझ्या ओळखीत तेवढा एकच माणूस. यवतमाळच्या कोर्टात त्यांनी सारी नोकरी बेलिफ म्हणून, घरोघर समन्स पोचवण्यात काढलेली. बायको वर्षभरापासून लेकीला घेऊन त्यांच्याकडेच राहत होती. तिचं-माझं जमत नव्हतं. सासऱ्यांचं आणि माझं मात्र भलतंच जमायचं. ती शाळेत शिकवायला गेली असेल अशी वेळ साधून मी नेरहून एसटीनं पोचलो. चहा झाला, चिवडा झाला आणि मी विषय काढला.

"मामाजी, फारकतीसाठी एखादा चांगला वकील सांगा ना."

"कोनाची फारकत?"

"माझी."

मामाजींनी कप खाली ठेवला आणि जुनी सवय उसळली. "तो चौकातला करू नका, नुस्त्या तारखा घेत राह्यते. त्याच्या बाजूचा लय ओरडते, जज चिडते. तिसरा मात्र शांत मानूस. दोन्ही घरं जाग्यावर आनते."

"मंग त्यालेच करतो."

"त्याले आपल्या पोरीनं केला. मीच सांगतला."

मी चिवड्यातले शेंगदाणे निवडू लागलो.

"तुमाले पाहिजे काय नेमकं?"

"पोरगी."

"अख्खी?"

"अख्खी."

"कोर्टात अख्खी कोनालेच भेटत नाही, जावईबापू."

माझी भीती वेगळीच होती. लेक महिन्यातून एकदा, तासभर, कोर्टाच्या बाकावर भेटेल आणि मला परक्या माणसासारखं 'अहो' म्हणेल. हे सांगितल्यावर सासऱ्यांनी एक वकीलबाई सुचवल्या. "पहिले तुमालेच झापन. पन लेकराच्या कामात तिच्यासारखं कोनी नाही." पत्ता माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी स्वतःच स्कूटर काढली.

बाईंनी कोरा कागद घेतला. "मुलगी कितवीत?"

"दुसरीत."

मागच्या खुर्चीतून सासरे खोकले. "तिसरीत गेली."

"डब्यात काय आवडतं?"

"पोहे."

"पोह्याले तर तोंड लावत नाही, जावईबापू."

"कशाची ॲलर्जी?"

मी सरळ मागे वळून पाहिलं.

बाईंनी पेन ठेवलं. "हे कोण?"

"सासरे."

"म्हणजे विरुद्ध पक्षाचे वडील?"

"हो."

"काका, बाहेर बसा!"

दार लागलं आणि बाई इतक्या हसल्या की टेबलावरचा पाण्याचा ग्लास कलंडला. मग कागद झटकत म्हणाल्या, "वेणी घालता येते?"

"शिकून घेतो."

"मग पूर्ण ताबा मागू नका. शनिवार-रविवार मागा, अर्ध्या सुट्ट्या मागा. मुक्कामासकट. आणि आधी तिचा डबा पाठ करा." त्यानंतरचं झापणं पाऊण तास चाललं.

दोन्ही वकील दोनदा बसले आणि तसंच ठरलं. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत लेक माझ्याकडे.

पहिल्या शुक्रवारी तिचा हात धरून यवतमाळच्या स्टँडवर मी असा काही हवेत होतो की समोर दिसली ती गाडी धरली. गाडी गावाबाहेर पडल्यावर कंडक्टर आला.

"नेर. एक फुल, एक हाफ."

"नेर? भाऊ, वणीची गाडी हाये हे!"

सगळी गाडी हसली. सगळ्यांत मोठ्यानं लेक. पुढच्या फाट्यावर उतरलो. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून रसवंतीत बसलो. बर्फाचा खडा कडाकडा चावत लेक म्हणाली, "बाबा, पुढच्या शुक्रवारी दुसरी कोणतीतरी चुकीची गाडी पकडू."

कोणती पकडायची, यावर आमचा वाद असा रंगला की परतीची गाडीही समोरून निघून गेली.