पक्क्या रंगाचा गोळा

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा, आणि ही गोष्ट मी सोडून काल्हेरमधल्या सगळ्यांना माहीत होती.

प्राजक्ता ठाण्याची. ती लग्न होऊन आली त्या वर्षी आमच्या शेतावर गोदाम उभं राहिलं होतं, घराला वरचा मजला चढला होता आणि खाली पांढऱ्याशुभ्र टाइल्सचं बाथरूम झालं होतं. लोक मोबाइलवर नुसते मिस्ड कॉल देत, तो काळ. प्राजक्ता स्कूटी चालवायची. बँकेचे फॉर्म इंग्रजीत भरायची. तांदळाची भाकरी तिला येत नव्हती, याचा मला फार आधार होता. ती महिन्याभरात शिकली, आणि तिची भाकरी माझ्यापेक्षा जास्त फुगायला लागली. तेही मी सहन केलं.

कारण माझ्याकडे उटणं होतं.

दर दिवाळीला घरचं उटणं मीच करायची. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, सगळं स्वतः कुटून, वस्त्रगाळ करून. सासूबाई वर्षभर माझ्या कुठल्याही कामाबद्दल चांगला शब्द काढत नसत (वाईट काढत, त्यात हयगय नव्हती), पण नरकचतुर्दशीला न्हाणीतून बाहेर आल्या की म्हणायच्या, "उटना सुरेखाचाच." तेरा वर्षांच्या संसारात मला मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र होतं.

मग प्राजक्ताने ठाण्याला दोन दिवसांचा कसलासा क्लास केला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात सहा गोळे घेऊन आली. फिकट जांभळे, गुळगुळीत, लिंबाएवढे.

"आई, हे बाथ बॉम्ब. मी केलेत."

"बाँब?" सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. "घरान नको गो. भायेर ठेव."

तिने समजावून सांगितलं की हा फुटत नाही, कोमट पाण्यात टाकला की फसफसतो आणि विरघळतो. खरं तर त्याला बाथटब लागतो, पण बादलीतही चालेल. आमच्याकडे टब नव्हता. बादली मात्र चांगली वीस लिटरची होती. सासूबाई साशंक मनाने गोळा घेऊन आत गेल्या आणि अर्ध्या तासाने बाहेर आल्या त्या वेगळ्याच बाई होऊन.

"काय सांगू गो, सोड्याच्या बाटलीन बसल्यासारखा वाटला. अंगाला वासही कसा बेस सुटलाय." आणि मग, मी समोर भाजी निवडत बसलेली असताना, "यंदा दिवालीला उटना नको. ह्योच गोला दे मना."

मी गवारीच्या शेंगांबरोबर दोन-चार नखंही मोडली असतील.

प्राजक्ता मनाने चांगली, हे तिचं सगळ्यात त्रासदायक लक्षण. ती लगेच म्हणाली, "ताई, रविवारी तुम्ही पण या ना. दोघी मिळून करू."

"मला कुठे वेळ आहे बाई," मी म्हटलं, आणि त्या रविवारी सलग तीन तास टीव्ही पाहिला.

चार दिवसांनी ती पंधरा दिवसांसाठी माहेरी गेली. तिची खोली झाडायला म्हणून मी वर गेले (एरवी ती स्वतः झाडायची) आणि तिची क्लासची वही उघडली. कृती लाइट बिलाच्या मागे उतरवून घेतली. खायचा सोडा दोन वाट्या, लिंबूसत्त्व एक वाटी, कॉर्नफ्लोर एक वाटी, थोडं खोबरेल, पाण्याचा फवारा. शेवटी 'रंग'. त्यापुढे कंसात बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, पण तोवर बिलाचा कागद भरला होता. बारीक अक्षरातलं फार महत्त्वाचं नसतं, असा माझा तोपर्यंतचा अनुभव होता.

पहिल्या दिवशी फवारा नव्हता म्हणून मी तांब्याने पाणी घातलं. परातीतलं पीठ दूध उतू जावं तसं वर आलं, ओट्यावरून खाली उतरलं आणि फ्रिजखाली शिरलं. दुसऱ्या दिवशी पाणी हाताने शिंपडलं. या वेळी गोळे वळले गेले, पण ताटात ठेवल्यावर हळूहळू बसत गेले आणि संध्याकाळपर्यंत सहा गोळ्यांच्या सहा थापट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी कॉर्नफ्लोर संपलं म्हणून तांदळाचं पीठ घातलं आणि पाण्याऐवजी खोबरेलच वाढवलं. हे मात्र जमले. घट्ट, गोल, पांढरे. मी ते स्टीलच्या डब्यात भरून फडताळात ठेवले आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

खाली आले तर हे स्वयंपाकघरात उभे. एक गाल फुगलेला, ओठांतून पांढरा फेस.

"सुरेखा," हे मोठ्या कष्टाने म्हणाले, "लाडू उकळतोय."

चुळा भरून झाल्यावर ह्यांनी विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, आंघोळीचा गोळा. हे म्हणाले, "मग फडताळात का ठेवलास?" मी रुसले.

तर गोळा जमला होता. राहिला रंग. प्राजक्ताच्या जांभळ्यापुढे माझा पांढरा गोळा म्हणजे नवरीशेजारी उभी केलेली करवली. मी जिलबीत घालतात तो खायचा रंग घातला. पाण्यात पडल्यावर तो इतका फिका झाला की बादलीत कोणीतरी चहाचा कप विसळलाय असं वाटावं. कुंकू घातलं, ते तळाशी गाळासारखं बसलं. बीट किसून घातलं. त्याचं काय झालं ते सांगत नाही.

मग मला माहेर आठवलं. माझं माहेर निजामपुऱ्यातलं. आमच्या गल्लीच्या टोकाला रशीदभाईंचा सूत रंगवायचा कारखाना. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ते मला ओळखत. मी रिक्षा करून थेट तिथेच गेले.

"रशीदभाई, थोडा रंग पाहिजे. मोरपंखी."

"कपडे के वास्ते ना, बेटी?"

"हां," मी म्हटलं. खोटं बोलताना माणसाने एक शब्दच बोलावा.

"कच्चा दूँ या पक्का?"

मला प्राजक्ताच्या गोळ्याचं फिकट जांभळं पाणी आठवलं. "एकदम पक्का," मी म्हटलं.

त्यांनी कागदाच्या पुडीत दोन चमचे पूड बांधून दिली. "लाजवाब रंग है. एक बार चढ गया तो उतरेगा नहीं." मला वाटलं, माल चांगला आहे.

हाताला दुधाची रिकामी पिशवी बांधून मी शेवटचे चार गोळे वळले. जास्त फसफसावा म्हणून सोडा दीडपट घातला. एक तुकडा मगात टाकून पाहिला. काय तो रंग. मोराने मान वळवावी तसा पाण्यात पसरत गेला. मग मोरीत ओतून टाकला. अंगावर घेऊन बघायचं मला सुचलं नाही. वरणाची चव माणूस चमच्याने बघतो, त्यात पाय बुडवून बघत नाही.

शनिवारी माझ्या नणंदेच्या मुलीचा, सुप्रियाचा, साखरपुडा होता. कशेळीला, हॉलवर, दुपारी चार वाजता. सासूबाई घरातल्या सगळ्यात थोरल्या, तेव्हा मुलाकडची मंडळी आधी त्यांच्या पाया पडणार. बारा वाजता त्यांनी आंघोळीची तयारी केली आणि विचारलं, "प्राजक्ताचा गोला हाय का गो?"

"तिचे संपले," मी म्हटलं. "आज माझा घ्या."

ते वाक्य मी तीन आठवडे मनात घोळवलं होतं. सासूबाईंनी गोळा हातात घेऊन फिरवून पाहिला. "तू केलास?" त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. ते मी पाहिलं, शपथेवर सांगते. ते कौतुक पाच मिनिटं टिकलं.

आतून फसफस ऐकू आली. मग "अगो बाय, काय ह्यो रंग" असं आनंदाने. मग पाण्याचे चार-पाच तांबे. मग साबण खसाखसा घासल्याचा आवाज.

"सुरेखा," शेवटी अगदी शांत आवाज आला. "जरा हिकरं ये."

सासूबाई लुगडं गुंडाळून दारात उभ्या होत्या. तोंड त्यांनी आधीच साबणाने धुतलं होतं म्हणून ते तेवढं गोरं होतं. गळ्यापासून खाली त्या मोरपंखी होत्या. खांद्यावर फिक्या, तिथून उतरत उतरत गडद, आणि पाय असे की टाचांच्या भेगा नकाशातल्या नद्यांसारख्या उठून दिसत होत्या. मागे सगळ्या पांढऱ्या टाइल्स निळ्या.

"ह्यो रंग जानार हाय का न्हाय?"

"जाईल ना, आई," मी म्हटलं आणि साबण लावून त्यांचे पाय चोळायला बसले. पाच मिनिटांनी त्यांचे पाय होते तसेच होते आणि माझे हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

आता कोणाही शहाण्या बाईने थांबायला हवं होतं. पण माझा सगळा भरवसा उटण्यावर. मी धावत जाऊन डाळीचं पीठ आणि भरपूर हळद दुधात कालवून आणली आणि सासूबाईंच्या हातापायांना चोपडली. निळ्यावर पिवळं चढवलं की काय होतं हे बालवाडीतल्या मुलाला माहीत असतं. मला ते धुतल्यावर कळलं.

सासूबाईंनी आपले हिरवे हात उजेडात धरले. "मगाशी बरा होता," त्या म्हणाल्या.

मी रशीदभाईंना फोन लावला. मान खाली घालून सगळं सांगितलं.

"बेटी, उसमें और क्या डाला था?"

"सोडा. थोडा जास्त."

"अरे अल्ला," ते म्हणाले. "सोडे से ही तो हम रंग पक्का बिठाते हैं. अब चमडी के साथ ही जाएगा. आठ-दस दिन में."

एक वाजता प्राजक्ता माहेरून आली. तिने सासूबाईंना पाहिलं, मला पाहिलं, बाथरूम पाहिलं. आता ती काहीतरी लागेल असं बोलेल आणि मला तिचा मनसोक्त राग करता येईल, अशी मला आशा होती. ती म्हणाली, "ताई, तुमचे हात जळजळत नाहीत ना? आई, तुम्हाला कुठे खाज?" मग तिने दोघींना साय चोळली. वहीत कंसात काय लिहिलं होतं ते तिने मी विचारल्यावरच सांगितलं: 'फक्त त्वचेला चालणारा.' सासूबाईंना तिने स्वतःचा लांब बाह्यांचा ब्लाउज उसवून सैल करून घातला, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढला आणि पायात ह्यांचे गोदामावर घालायचे मोजे. हाताचे पंजे मात्र झाकता येईनात.

हॉलवर पहिला अर्धा तास निभावला. मग नवऱ्या मुलाची आई सासूबाईंच्या हातात नारळ द्यायला वाकली आणि तशीच थांबली. तिने हिरवट पंजे पाहिले. मग मोजे पाहिले. मग आपल्या बहिणीच्या कानाला लागली. मी मागेच उभी होते, सगळं ऐकू आलं.

"आजीला कातडीचा काही आजार दिसतोय. घराण्यात असेल तर? उद्या आपल्या नातवंडांना..."

माझ्या नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. समोर पाटावर सुप्रिया नटून बसली होती, अंगठी तबकात होती आणि त्या दोघी बहिणी आता मुलाच्या वडिलांना बाजूला बोलवत होत्या.

सासूबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुरेखा, म्होरं ये. हात दाखव."

मी पदराआडून हात काढले आणि साठ-सत्तर बायकांसमोर कोपरापर्यंत वर धरले.

"ही माझी मोठी सून. निजामपुऱ्याची. तिचा नि माझा रगत येक हाय का?" सासूबाईंनी मुलाच्या आईला विचारलं.

"नाही," ती गोंधळून म्हणाली.

"मंग आजार घरान्यातला कसा असंल? ह्यो आजार न्हाय. ह्यो सुरेखानी केलाय. सांग गो, सुरेखा, कसा केलास तो."

मी सांगितलं. वही, लाइट बिल, लाडू, रशीदभाई, पक्का रंग, सोडा, हळद. काही गाळू दिलं नाही मला. जिथे मी अडखळले तिथे सासूबाईंनी आठवण करून दिली. हळदीपर्यंत आले तेव्हा मुलाची आई खुर्चीला धरून हसत होती, आणि अंगठी घातली गेली तेव्हाही तिचे डोळे पुसणं चाललंच होतं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी जो भेटेल त्याला माझं नाव सांगितलं. तेरा वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडी इतक्या वेळा आलं नव्हतं. दर वेळी मला वाटत होतं, श्रेय प्राजक्ताला द्यावं.

जेवणं झाल्यावर मुलाची आई आमच्याकडे आली. "ते गोळे लग्नात आहेर म्हणून द्यायला छान आहेत हो. पन्नास मिळतील?"

"आम्ही दोघी मिळून करून देऊ," प्राजक्ता म्हणाली.

"हो, पण," त्या बाई माझ्या हातांकडे बघत प्राजक्ताला म्हणाल्या, "तुमच्याच हातचे द्या."

तेव्हापासून आमच्या घरात गोळे होतात. मी सोडा चाळते, लिंबूसत्त्व मोजते, साच्यातून काढून वाळत ठेवते. रंगाच्या बाटल्या प्राजक्ताच्या कपाटात असतात आणि किल्ली तिच्या कमरेला. सगळे तिचं कौतुक करतात, करोत बापडे. पण तिचा रंग एका तांब्यात धुऊन जातो. माझा अकरा दिवस टिकला, आणि टाइल्सवर तर अजून आहे. टिकाऊपणात मी तिच्या पुढे आहे हे या घरात एकालाही कबूल करावंसं वाटत नाही. जळतात मेले माझ्यावर.