शिडाच्या दोरीची गाठ

आमच्या कॉलेजच्या सेलिंग क्लबची एक छोटी कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची होडी, आहे. तिच्या पुढच्या शिडाची दोरी दोन दातेरी जबड्यांत अडकवतात, त्याला क्लीट म्हणतात. काल ते नीट बसवायचं काम माझ्याकडे होतं. "एका झटक्यात दोरी सुटली पाहिजे," सर म्हणाले. ओल्या दोरीचा खारट वास आला आणि मी उरणच्या समुद्रात, काकाच्या होडीत पोचले.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काका जाळं ओढत होता आणि शिडाची दोरी माझ्या हातात दिली होती. "बाय, दोरी हातान धर, बांधू नको," त्याने बजावलं होतं. वारा फिरला की दोरी लगेच सोडावी लागते, म्हणून आमच्याकडे ती कुणी बांधत नाही. पण माझे तळहात सोलले होते. मी गुपचूप गाठ मारली.

वारा फिरला. होडी आडवी व्हायला लागली. गाठ सोडवताना काकाची दोन बोटं दोरीत चिरडली.

धक्क्यावर एकाने टोमणा मारला, "इतकी वर्सं दर्यान, नि दोरी बांधलीस?"

"चुकलो. मीच बांधली," काका म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. सुटले बुवा, असं मला वाटलं होतं.

काल दोरी चटकन सुटावी म्हणून क्लीट थोडं वर उचलून मी स्क्रू आवळले. दोरी अडकवली, सोडली, परत अडकवली.

"अगं, सुटते की," सर म्हणाले.

काका आता नाही. गावात त्याची ती चूक अजून हसून सांगतात. मीही तिथेच बसलेली असते.