शाळेच्या वाटेवरचं खळं

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. शांत झाल्यावर लिहू म्हणून पुष्कळ थांबले. पण शांत व्हायचं काही लक्षण दिसेना, तेव्हा आहे तसंच लिहिते.

निपाणीहून कोगनोळीकडं जाताना हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. सातवीपर्यंतची शाळा गावात आहे. मराठी हायस्कूल शेजारच्या गावात, आणि तिकडं जायला रस्ता एकच. त्याच रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जातात, खडीचे डंपर जातात, टोल चुकवायला आत घुसलेले ट्रकही जातात. डांबराची कड तुटलेली. मागून हॉर्न वाजला की पोरी सायकलसकट खाली उतरून बाभळीत उभ्या राहायच्या. एकदा ट्रॉलीतून लोंबणाऱ्या उसानं माझ्या पुतणीची ओढणीच ओढून घेतली. पोरगी पडली, कोपर फुटलं. चाकाच्या बाहेर पडली म्हणून वाचली.

ही पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी, तेव्हा आठवीत. घरं दोन झालीत, पण मधली भिंत एकच, त्यामुळं त्यांच्या घरात भांडं पडलं तरी मला कळतं. त्या रात्री जाऊ म्हणाली, "आक्का, आता हिला पाठवायची न्हाय. दहावी नसली तर नसू दे. पोरगी तर ऱ्हाईल."

मी म्हटलं, "थांब जरा. मी बघते." माझ्या शब्दावर जाऊ पोरीला पाठवत राहिली.

त्या वेळी मी पंचायतीत मेंबर होते, राखीव जागेवर. राखीव जागेवरच्या बाईनं सही करावी आणि चहा पिऊन घरी जावं, अशी आमच्याकडं रीत आहे. मी ती पाळली नाही. जावेला आणि गल्लीतल्या चार बायकांना घेऊन मी आधी निपाणीचे उंबरे झिजवले, मग चिक्कोडीचे, मग बेळगावचे. प्रत्येक साहेबाचं उत्तर एकच, "नोडोण." म्हणजे, बघू. मीही कन्नडमध्येच भांडले. भांडायचं तर समोरच्याला लागेल अशा भाषेत भांडावं. शेवटी माझं तोंड बंद करायला म्हणा, नाहीतर खरंच कुणाला तरी दया आली म्हणून म्हणा, सरकारी फंड मंजूर झाला. रस्त्याच्या कडेनं, रस्त्यापासून वेगळी, चालायला आणि सायकलीला सिमेंटची वाट, गावापासून थेट हायस्कूलच्या फाटकापर्यंत. अट एकच होती. कडेच्या शेतकऱ्यांनी आपापल्या रानातली पट्टी राजीखुशीनं सोडायची.

बांध वीतभर सरकला तर आमच्यात भाऊ भावाच्या मयतीला जात नाही. पट्टी कोण सोडणार?

ग्रामसभा भरली. मी बोलायला उभी राहिले आणि पोरींचं, ट्रॉलीचं, फुटलेल्या कोपराचं सगळं सांगितलं. बोलता बोलता रडूच आलं. मग माझा दीर उठला. म्हणाला, "माझी पोरगी त्या वाटंनं जाती. पयली पट्टी माझ्या रानातली घ्या." त्याच्यामागं एकेक हात वर होत गेला. भांडखोर म्हणून ज्यांना सगळी पंचायत वचकून असते त्यांचेसुद्धा. मी पदरानं डोळे पुसले. वाटलं, आपण उगीच या माणसांना नावं ठेवत आलो. घरी येऊन देवापुढं साखर ठेवली.

गणपतीच्या आसपास वाट झाली. पुढारी आले, नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बघायला गेले. पोरी जोडीजोडीनं सायकली चालवत होत्या, शेजारी शेजारी, गप्पा मारत. जुन्या रस्त्यावर त्यांना असं कधी जाताच आलं नव्हतं. शेजारून ट्रक गेला तरी एकीनंही मागं वळून बघितलं नाही. मला लई बरं वाटलं. पुढची निवडणूक हरले तरी चालेल, असंही वाटून गेलं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी लेकीकडं बेळगावला, शहापुरात गेलते. सुट्टी संपायच्या आधी परत आले. एसटीतून उतरले आणि बघते तर वाट दिसेना. फाट्यापासून नजर जाईल तिथवर सोयाबीन पसरलेलं. प्रत्येकानं आपल्या रानासमोरचा तुकडा धरलेला, आणि सायकल आत येऊ नये म्हणून दोन्ही कडांना दगड लावलेले. पहिला तुकडा दिराचा. तो स्वतःच फावड्यानं वाळवण सारखं करत होता.

"भावजी, हे काय?"

"सोयाबीन हाय, वैनी. दिसत न्हाय व्हय?"

"सोयाबीन दिसतंय मला. सोमवारी शाळा उघडती. पोरी कुठनं जायच्या?"

"आठ-धा दिवसांचा परश्न हाय. जातील की रोडनं. इतकी वरसं जातच हुत्या न्हवं."

"सभेत काय बोलला हुता तुमी?"

तो लाजला असता, चिडला असता, तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. तो लाजला नाही. लहान पोराला समजवावं तसं मला समजवायला लागला. "वैनी, गावात खळी ऱ्हाईली कुटं? समद्यांनी खळ्यांवर घरं बांधली. डांबरावर वाळवण घातलं तर ट्रक त्याचं मातेरं करतोय. दारात शिमिटाची वाट येतीया म्हटल्यावर तवाच ठरलं आमचं. न्हायतर रानाची पट्टी फुकट कोन सोडतंय?"

"ठरलं? कुणाचं?"

"समद्यांचं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी घोळ घातला असता."

म्हणजे मी सभेत गळा काढत होते तेव्हा समोर बसलेला प्रत्येक माणूस मनात वाळवण पसरत होता. आणि मला वाटलं, माझ्या बोलण्यानं पाझर फुटला. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. इथं शिव्या तरी कुणाला द्यायच्या? सगळे घरचेच. केसानं गळा कापला माझा, आणि तोही पोरींचं नाव पुढं करून.

मी घरातला खराटा आणला आणि कडेनं सायकलपुरती जागा झाडायला लागले. पाठीमागून लोक तीच जागा परत भरत होते. माझ्याबरोबर कचेऱ्यांमध्ये बसलेल्या बायका सोयाबीनच्या बुट्ट्या घेऊन आल्या आणि माझ्याकडं न बघता आपापल्या तुकड्यावर उभ्या राहिल्या. जाऊसुद्धा. पंचायतीच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, काम पूर्ण झालंय, फोटो वर गेलेत. आता तुमच्याच लोकांवर मी केस घालू का?" मग म्हणाले, "नोडोण."

पोरी पुन्हा रस्त्यावर आल्या. सोयाबीन उचललं तर मका आला. आठ-धा दिवस काही संपेनात. रागानं मी दिराच्या घराशी बोलणं टाकलं होतं; पोरगी सकाळी बाहेर पडताना दिसायची, म्हणजे शाळेला जाते असं धरून चालले.

मग एका सकाळी निपाणीला निघाले होते, तर पुतणी वाटेवर दिसली. शाळेची वेळ टळून गेली होती. अनवाणी पायांनी मक्यात रेघा ओढत ती वाळवण हलवत होती. मी विचारलं, "शाळा गं?"

"न्हाय. शेरडं शिरत्यात, कुणीतरी बसायला पायजे. आई-आप्पा रानात असत्यात. आई म्हणती, तसंबी रोडनं पाठवायची न्हाय."

"किती दिवस झालं?"

"शाळा उघडल्यापासनं न्हाय गेले."

मी म्हटलं, मी आजच आप्पाशी बोलते, परत साहेबांकडं जाते, पोलिसात जाते. ती हलवत हलवत टोकापर्यंत गेली आणि परत आली. रागावलेली नव्हती. साधं सांगावं तसं म्हणाली, "मोठी आई, तुमी ही वाट करूनच घ्यायला नको हुती. भीती वाटायची, पण रोडनं जात तर हुते मी."

आणि वळून पुढची रेघ ओढायला लागली.