अण्णाचा संच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, पण मान खाली घालून नाही.

बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात एका छोट्या सल्लागार कंपनीत मी काम करते. राज्यासाठी आम्हाला एक अहवाल करायचा होता — वीज बनवताना हवेत जाणारा कार्बन कमी कसा करायचा? उत्तर काही गूढ नव्हतं. ऊन आणि वारा आपल्याकडे भरपूर. दुपारच्या जास्तीच्या विजेवर पाणी डोंगरावर चढवायचं, संध्याकाळी ते खाली सोडून पुन्हा वीज करायची. आणि कोळशावर वीज करणारे जुने संच एकेक करून बंद करायचे. आधी कुठला? तेवढ्याच विजेला जो सगळ्यांत जास्त कोळसा खातो, तो.

तो संच अण्णाचा होता.

म्हणजे — अण्णा तिथं कंत्राटी कामगार. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर. बाबा गेल्यावर निपाणी सोडून तो तिकडं गेला, आणि मी इंजिनिअर झाले ती त्या पट्ट्याच्या जोरावर. संच बंद झाल्यावर कंत्राटी माणसाला कोण विचारतं? अहवालात अशा लोकांसाठी एक परिच्छेद होता. मीच लिहिलेला. छान होता. त्यावर माझाच विश्वास नव्हता.

मग मी काय केलं? कोळशाचा खरा, मोजलेला आकडा काढून टाकला आणि संच नवाकोरा होता तेव्हाचा कमी आकडा घातला. अण्णाचा संच यादीत पार खाली गेला.

एवढंच असतं तर मी हे मिरवलंही असतं. काचेच्या इमारतीत बसून 'बंद करा' म्हणणाऱ्यांना मी आजही विचारेन — तुमचं कोण आहे तिथं? पण... मी अजून आडवळणानंच बोलतेय.

खरी गोष्ट सविताची आहे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या माणसाची मुलगी, पहिलीच नोकरी. सगळे आकडे ती गोळा करायची. मला अक्का म्हणायची. आणि तो आकडा मी बदलला होता तो तिच्या फाईलमध्ये.

बैठकीत तिनंच हात वर केला. "अक्का, हा आकडा चुकलाय. मी वेगळा भरला होता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं बोलता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं की नाही? मी हसून म्हटलं, "तुझ्याच फाईलमधला आहे, सविता. उघडून बघ."

तिनं उघडली. बघत राहिली. "असं कसं..." एवढंच म्हणाली.

"होतं असं. नवीन आहेस. मी तपासून घेते."

तपासलं काय, मी तोच आकडा पुढं पाठवला. सविताला त्या कामावरून काढलं. थोड्याच दिवसांत तिनं नोकरी सोडली.

अण्णाचा फोन आला. "आमचा संच राहिला की गं! आई म्हणते, देवानं ऐकलं."

"बरं झालं," मी म्हटलं. आणि मला खरंच बरं वाटलं होतं. आजही वाटतं. त्याबद्दल मला कुणी लाजवू नये.

पण गेल्या महिन्यात सविताचा मेसेज आला. "अक्का, एकच विचारते. तो आकडा खरंच माझ्याकडून चुकला होता का? अजून मी प्रत्येक बेरीज तीन-तीनदा तपासते."

अहवाल केव्हाच मंजूर झाला होता. अण्णाच्या नोकरीला कसला धोका नव्हता. भावाचं नाव पुढं करायला जागाच नव्हती — या वेळी होते ती फक्त मी.

"हो," मी लिहिलं. "तुझ्याकडूनच चुकला होता."

"बरं अक्का," तिनं लिहिलं. "थँक्यू."