दाखल्याची वाट आणि तन्वीची पोटगी

ज्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी चुकलो, तो प्रश्न प्रथम मांडतो. घटस्फोटित बाप आजारी पडला, त्याचा पगार थांबला आणि त्याने दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज केला, तर दाखला हाती येईपर्यंत त्याच्या मुलीची पोटगी थांबते का? मी ती थांबते असे गृहीत धरले होते. हे गृहीतक कोठून आले, हेही पुढे सांगणार आहे, कारण चूक सांगताना तिचे मूळ सांगितले नाही तर तो धडा अपुरा राहतो.

माझ्या आजाराचे नाव मला मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात कळले. मेंदू व मज्जासंस्थेचे डॉक्टर खाटेपाशी उभे होते. त्यांनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्याखाली हलकेच ठोकले. निरोगी माणसाचा पाय अशा वेळी आपोआप उडतो. माझा उडाला नाही. दुसराही उडाला नाही. ते म्हणाले, "सर, हा गुलेन बारी सिंड्रोम आहे. शरीराचे संरक्षक दल आपल्याच नसांवर हल्ला करते. बहुतेक लोक पुन्हा चालतात. तुम्ही कधी चालाल, हे मात्र मी सांगू शकत नाही."

मी महाडच्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवतो. 'कधी' या प्रश्नाला उत्तर नसणे मला विद्यार्थ्यांच्या वहीतही खपत नाही.

आरंभ अगदी क्षुल्लक होता. पोट बिघडून बरे झाले होते. त्यानंतर काही दिवसांनी बाजारपेठेतून जाताना माझ्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि मी तसाच दहा-बारा पावले पुढे गेलो. भाजीवालीने हाक मारून सांगितले तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी हातातला खडू तीन वेळा पडला. मुले हसली, मीही हसलो. तिसऱ्या दिवशी शाळेचा जिना चढवेना. स्थानिक डॉक्टरांनी तपासून तातडीने मुंबईस जाण्याची चिठ्ठी दिली. ज्यांच्या पायांत मुंग्या येतात आणि अशक्तपणा खालून वर चढत जातो, त्यांनी शक्तीच्या गोळ्या खात घरी थांबू नये, एवढे येथेच सांगून ठेवतो.

मुंबईत दोन तपासण्या झाल्या. एक नर्व्ह कंडक्शन स्टडी, म्हणजे नसांतून विजेचा संदेश किती वेगाने जातो याचे मोजमाप. दुसरी लंबर पंक्चर, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून सुईने थोडे पाणी काढून तपासणे. नंतर पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेली ती प्रथिने आहेत. त्या पाच दिवसांत माझी आई खाटेजवळच्या स्टुलावर बसून होती. आई पोलादपूर तालुक्यातली, आंबेनळीच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीतली. मुंबईत तिला फक्त तो स्टूल माहीत झाला.

शेजारच्या खाटेवर याच आजाराचा एक रिक्षाचालक होता. त्याच्या पायाचा अंगठा माझ्याआधी हलला. मी त्याचे अभिनंदन केले आणि त्या दुपारी जेवलो नाही. आजारात मत्सर वाढतो, असे कोणी मला आधी सांगितले नव्हते. म्हणून मी सांगतो. हेही एक लक्षण आहे. तपासणीच्या कागदावर ते येत नाही, इतकेच.

माझा खरा मत्सर मात्र त्या रिक्षाचालकाचा नव्हता. रविवारी माझी मुलगी तन्वी भेटायला आली. ती तेव्हा पाचवीत होती. तिला काशिनाथ घेऊन आले होते. माझी पूर्वीची पत्नी वैशाली हिने घटस्फोटानंतर दोन वर्षांनी त्यांच्याशी विवाह केला. पाचाडला गडाखाली त्यांची खानावळ आहे. शिक्षण सातवीपर्यंत, आवाज मोठा, दंड भक्कम. वैशालीच्या पुनर्विवाहानंतर तिची पोटगी थांबली. तन्वीची चालू राहिली. ती माझी मुलगी आहे, आणि आईच्या लग्नाने हे नाते बदलत नाही, असे न्यायाधीशांनी आदेशात स्पष्ट लिहिले होते.

तन्वी माझ्या उशाशी बसली. तिने शाळेच्या गोष्टी सांगितल्या, माझ्या हाताला तेल लावले, दोनदा डोळे पुसले. मग तिला तहान लागली. पाण्याच्या बाटलीचे झाकण घट्ट होते. तिने मान न वळवता, बोलणे न थांबवता बाटली मागे धरली. काशिनाथांनी झाकण उघडून ती परत दिली. दोघांनाही त्यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र आजही ती बाटली दिसते. तो हात किती वेळा मागे गेला असेल, तेव्हा त्याला ही सवय लागली असेल, याचा हिशेब मी कितीतरी दिवस करीत राहिलो.

जाताना काशिनाथ म्हणाले, "सर, काय लागलं सवरलं तर सांगा. लाजू नका." मी आभार मानले. त्यांनी ते खरे मानले.

महिनाभराने आईने मला वाडीवर नेले. शाळेतून रजा मिळाली, पण ती बिनपगारी. येथे माझ्या चुकीचे मूळ येते. शाळेत शिक्षक आजारी पडला की तो आधी घरी राहतो आणि वैद्यकीय दाखला नंतर देतो. रुजू होताना दाखला जोडला की मागचे सगळे गैरहजेरीचे दिवस रजेत बसवले जातात. याला आम्ही 'रजा नियमित होणे' म्हणतो. चौदा वर्षे मी हेच पाहिले. न्यायालयही असेच चालत असावे, असे मी मानले. आज पोटगी थांबवावी, उद्या दिव्यांगत्वाचा दाखला येईल, तो जोडला की मागचे महिने आपोआप माफीत बसतील. मी वैशालीला तसे पत्रही लिहिले. 'माझी प्रकृती बरी नसल्याने सदर रक्कम दाखला प्राप्त झाल्यावर नियमित करण्यात येईल.' पत्राखाली तारीख घातली. मुलीच्या आईला असे पत्र लिहिणारा माणूस आजारी होता, एवढीच त्याची सबब.

उत्तर आले नाही. नवव्या महिन्यात न्यायालयाची नोटीस आली. मी अंथरुणात होतो, म्हणून तारखेला गेलो नाही, आणि कोणामार्फत अर्जही दिला नाही. गैरहजेरी नियमित होणारच होती.

दाखल्यासाठी नाव ऑनलाइन नोंदवले आणि ठरल्या दिवशी अलिबागला जिल्हा रुग्णालयात गेलो. दाखला चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर तहसील कार्यालयात अनुदानासाठी अर्ज करता येतो, असे मला सांगण्यात आले होते. ओळीत माझ्यापुढे एक गृहस्थ होते, एक पाय गमावलेले. ते आतून हसत बाहेर आले आणि पत्नीला म्हणाले, "साठ लागले." निकाल लागावा तसे. मला त्यांचा हेवा वाटला. पाय गमावलेल्या माणसाचा हेवा. हे लिहिताना लाज वाटते, पण गाळले तर बाकीचे कथन खोटे होईल.

तपासणाऱ्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या नसा अजून भरून येत आहेत. स्थिती स्थिर झाल्याशिवाय टक्केवारी ठरवता येणार नाही. सहा महिन्यांनी या. तुम्ही सुधारत आहात, ही चांगली बातमी आहे."

मला ती चांगली वाटली नाही. वाडीवर परत आल्यावर मी व्यायाम कमी केले. फिजिओथेरपी म्हणजे नसा जाग्या होत असताना स्नायूंना काम पुन्हा शिकवणे. ती रोज तीन वेळा करायची होती. मी एकदाच करू लागलो. मोठ्याने स्वतःशीही बोललो नाही, पण मनात आकडा ठरला होता. चाळीसच्या वर राहायचे.

आईला टक्केवारी कळत नाही. तिला पाय कळतात. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "काल त्या उंबऱ्यापोतर आलास, आज खाटंवरच. कोनाला फसवतोस रे? पाय तुझा हाय, सायबाचा नाय."

मी त्या दिवसापासून पुन्हा तीन वेळा व्यायाम सुरू केला.

दुसरी नोटीस आली तेव्हा अकरा महिन्यांची पोटगी थकली होती आणि वसुलीच्या वॉरंटचा उल्लेख होता. मी काठीच्या आधाराने महाडच्या न्यायालयात गेलो. तेथे गरजूंना मोफत वकील मिळतो, हे मला शिपायाने सांगितले. वकीलबाई वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या होत्या. त्यांनी माझे सगळे कागद क्रमाने लावले. मी त्यांना रजेचा नियम समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, दाखला हा पुरावा असतो, माफी नसते. आदेश बदलायचा तर अर्ज करावा लागतो. तो तुम्ही पहिल्याच महिन्यात करायला हवा होता. दाखल्याची वाट पाहायची गरजच नव्हती, रुग्णालयाचे कागद पुरले असते."

चौदा वर्षे मुलांना 'प्रश्न नीट वाचा' सांगणाऱ्या माणसाने आदेशाचा कागद एकदाही पुन्हा वाचला नव्हता.

सुनावणीपूर्वी आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. वैशाली दूर उभी होती. काशिनाथ माझ्याशेजारी येऊन बसले. मी सरकलो. त्यांना वाटले, मी जागा करून दिली. ते हळू आवाजात म्हणाले, "सर, शाळेच्या फीचं काय नाय. ती मी भरतोय, भरीन. पन पोरगी दर महिन्याला आईला इचारते, बाबांनी धाडलं का? पैशाची हाव नाय तिला. धाडलं म्हंजे बाबांना आपली याद हाय, असा तिचा हिशेब. आठ महिने मी सांगितलं, हो धाडलं. हॉटेलातल्या गल्ल्यातनं काढून तिच्या हातात दिलं, तुमच्या नावानं. मग वैशालीला कळलं. ती बोलली, हे बरोबर नाय, बापाचं बापानंच करावं. म्हनून हा अर्ज. राग नका धरू."

माझ्या पायांत जे बळ नव्हते, ते त्या माणसाकडे होते. ते मी वर्षभर सहन केले होते. पण मला मुलीची आठवण आहे, हेसुद्धा आठ महिने त्यानेच निभावले होते. तन्वीच्या मनातला माझा जो चांगुलपणा शाबूत होता, तो त्याच्या गल्ल्यातून आला होता. इतका मत्सर मला आयुष्यात कोणाचा वाटला नाही. आणि त्याच क्षणी, त्या मत्सराला धरायला जागाच उरली नाही.

वकीलबाईंनी रक्कम कमी करण्याचा माझा अर्ज दिला. न्यायाधीशांनी कागद पाहिले. "तुमचा अर्ज आज आला आहे. रक्कम कमी करायची तर आजपासून विचार होईल. मागचे द्यावे लागेल. हप्त्याने द्या." एवढेच ते बोलले. आजारपणाबद्दल सहानुभूती त्यांच्या चेहऱ्यावर होती, आदेशात नव्हती. ती आदेशात नसणे योग्य होते, असे मला आता वाटते.

सहा महिन्यांनी अलिबागला पुन्हा तपासणी झाली. टक्केवारी चाळीसच्या खाली आली. अनुदान मिळाले नाही. मी बाहेर आलो, काठी काखेत धरली आणि बसस्थानकापर्यंत चालत गेलो. शाळेने मला खुर्चीवर बसून शिकवण्याची परवानगी दिली. पहिल्या पगारातून पहिला हप्ता मी स्वतः न्यायालयात जाऊन भरला. पावती घेतली आणि तिची एक प्रत तन्वीला पाठवली. तिने ती आपल्या कंपासपेटीत ठेवली, असे काशिनाथांनी फोनवर सांगितले.

सुट्टीत ती वाडीवर आली तेव्हा प्रगतिपुस्तक घेऊन आली. पालकाच्या सहीच्या दोन चौकटींत काशिनाथांची सही होती, प्रत्येक अक्षर वेगळे, जपून काढलेले. तिसरी चौकट रिकामी होती.

"ही का राहिली?" मी विचारले.

"काका म्हणाले, ही बाबांची जागा ठेव. घाई नाही."

ती जागासुद्धा त्यांनीच ठेवलेली होती. मी पेन घेतले. बोटे अजून पुरती वळत नाहीत. सही चौकटीबाहेर गेली. तन्वीने ती पाहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं अक्षर काकांपेक्षा वाईट झालंय." आई चुलीपाशी हसली. मीही हसलो, आणि हसता हसता मला त्या सातवी शिकलेल्या माणसाच्या अक्षराचा हेवा वाटला. तो अजून आहे. तो जाईल असे आश्वासन मी देत नाही. आता मी त्यांना फोनवर 'काशिनाथराव' म्हणतो आणि आभार मानतो, आणि आता ते आभार खरे असतात.

डॉक्टरांचे, वकीलबाईंचे, आईचे ऋण मी मानतो. मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: पोटगी आपोआप थांबत नाही. आजारी असाल, पगार थांबला असेल, तर ज्या न्यायालयाने आदेश दिला तेथेच त्याच आठवड्यात अर्ज द्या. मात्र हे उत्तर एका गणिताच्या शिक्षकाचे, एकाच प्रकरणावरून काढलेले आहे. त्यावर विसंबू नका. आपल्या आदेशाचा कागद काढा, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि मी लिहिले ते तुमच्या बाबतीत खरे आहे का, हे तालुक्याच्या न्यायालयात जाऊन स्वतः तपासा.