दोन अर्धे कप

सुप्रभाताईंनी अठ्ठावीस वर्षं नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढलं. सुई कधी आत गेली ते कळायचंही नाही. ‘सुप्रभाच हवी,’ म्हणून पेशंट आपला नंबर सोडून थांबायचे. आता त्याच हातातला चमचा तोंडाशी येईस्तोवर निम्मा रिकामा होतो.

पार्किन्सन्सचं निदान त्यांनी निमूट ऐकून घेतलं होतं. पण मंडळाच्या गणपतीत सगळ्यांदेखत आमटी साडीवर सांडली, आणि बाहेरचं जेवण बंद झालं. लेकीने, कस्तुरीने, झाकणाचा पेला आणून दिला. तो त्यांनी कपाटात मागे सारला. आता शनिवारी धाकट्या नणंदेच्या साठीचं जेवण होतं. “वहिनी, तुम्ही आला नाहीत तर मी केकला हात लावायची नाही,” वरदाने बजावलं होतं. ताईंनी अजून हो म्हटलं नव्हतं.

म्हणूनच गेले तीन बुधवार त्या सरावाला जात होत्या. ओळखीचं कुणी फिरकणार नाही अशी जागा बसस्टॉपसमोरच सापडली: हाँगकाँगहून आलेल्या मिसेस लामचं कॅफे. सूपमध्ये मॅकरोनी, वर तळलेलं अंडं, लोणी थापलेला टोस्ट आणि आटवलेल्या दुधाचा कडक चहा. इंग्रजांचंच खाणं हाँगकाँगला जाऊन, तिथलं होऊन परत आलेलं. टेबलं कमी, त्यामुळे अनोळखी माणसासमोर बसवतात. बसलेला मान वर करत नाही.

या बुधवारी कप उचलताच चहा हिंदकळला आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या चिनी वर्तमानपत्रावर पडला.

“सॉरी, आय ॲम सो सॉरी!”

म्हाताऱ्याने पान झटकलं. “रेसचं पान आहे. माझा घोडा तसाही हरलाय.” आणि तो पुढे वाचू लागला.

मिसेस लामने येऊन टेबल पुसलं आणि कप उचलून नेला. आता स्ट्रॉ आणणार, ताईंना वाटलं. कान तापले. त्यांनी पर्स जवळ ओढली.

ती परतली ती दोन कप घेऊन. दोन्ही अर्धेच भरलेले. तिने ते ठक्कन ठेवले.

“असे प्या, आंटी. सारखं टेबल पुसायला मला वेळ नाही.”

हसली नाही, थांबलीही नाही. तोवर ती पलीकडच्या टेबलावर कुणाला तरी ओरडत होती.

ताईंनी दोन्ही हातांनी कप उचलला. चहा आतल्या आत डुचमळला, पण काठ लांब होता. पहिला कप संपला, मग दुसरा. टोस्टही त्यांनी सावकाश खाल्ला.

बसस्टॉपवरून त्यांनी वरदाला फोन लावला.

“शनिवारी येतेय गं.”

“अगोबाई! मग कोपऱ्यातली खुर्ची ठेवू का? निवांत बसाल.”

“कोपऱ्यात कशाला? मधे बसव. फक्त आमटीच्या वाट्या दोन दे, अर्ध्या-अर्ध्या.”

“एवढंच ना?”

“एवढंच. आणि सांडली तर सांडली. टेबलक्लॉथ तुझा आहे.”