पॉलिश केलेले बूट

दर चौदा एप्रिलला मी बाबांना रिक्षात घालून ग्वाल्हेरच्या कंपू भागातून फायर स्टेशनवर नेते. फार वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला, आग विझवता विझवता कितीतरी जवान गेले. त्यांच्यासाठी त्या दिवशी दोन मिनिटं उभं राहतात. बाबा नव्वदीला टेकलेत, घरात काठीशिवाय हलत नाहीत. तिथे मात्र काठी माझ्या हातात देऊन ताठ उभे राहतात. पडाल हो, म्हणून मी करवादते. ऐकतील तर शपथ.

मला त्या दोन मिनिटांचा राग येतो. राग कसला, भीतीच वाटते.

बाबा दमकलमध्ये होते. पुण्याची आत्या ‘अग्निशमन दल’ म्हणायची. ग्वाल्हेरात एवढं म्हणेपर्यंत घर जळून जाईल. आमचं क्वार्टर स्टेशनच्या आवारातच होतं. दाराशी बाबांचे उंच बूट असत आणि जाड पँट त्या बुटांवरच खाली सरकवून ठेवलेली. घंटा झाली की बुटांत पाय घालायचे, पँट वर ओढायची आणि पळायचं. त्याला कुणी हात लावायचा नाही, हा घरचा नियम.

मी नऊ वर्षांची, आणि टापटिपीचं भारी वेड. एका दुपारी बाबा जरा पडले होते. शाबासकी मिळेल म्हणून मी पँटची घडी घातली, बुटांना चकाचक पॉलिश केलं आणि कपाटात माझ्या शाळेच्या बुटांशेजारी ओळीनं लावले. मग शेजारच्या काकांच्या मुलीबरोबर लंगडी खेळायला गेले. काकाही दमकलमध्येच होते.

तेवढ्यात घंटा झाली. बाबा अनवाणी घरभर बूट शोधत राहिले. सापडेतोवर गाडी गेली. पुढे बसणारा माणूस पाइप घेऊन सगळ्यांत आधी आत शिरायचा. ती जागा बाबांची, त्या दिवशी तिथे काका बसले. शहरातल्या लश्कर भागात कापडाचं गोदाम पेटलं होतं. काकांनी दोघांना बाहेर काढलं, आणखी कुणी आहे का बघायला परत आत गेले, आणि छत कोसळलं.

बूट आपणच कपाटात ठेवले होते, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं. काकूंनासुद्धा. मला वाटलं, गडबडीत त्यांना विसर पडला असेल, खरंच तसं वाटत असेल. मी जी तोंड मिटून बसले ती पंचावन्न वर्षं.

यंदा परत येताना गोरखीपाशी रिक्षा गर्दीत अडकली. बाबांचा चेहरा उन्हानं उतरला होता. हे गेले तर सांगायचं राहून जाईल, असं एकदम मनात आलं, आणि मी बोलून टाकलं. बूट मी हलवले होते, बाबा.

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “तुझ्या बोटांना पॉलिश लागलं होतं.”

मी रडायलाच लागले. म्हटलं, मग इतकी वर्षं एका शब्दानं बोलला का नाहीत?



“रागावलो असतो, तर तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे तो गेला. आणि पॉलिशची शाबासकी द्यावी, तर त्याची पोर रोज आपल्याकडे जेवायला असायची. तिच्यासमोर कशी देऊ?”

मग त्यांनी माझ्या हातातल्या काठीसाठी हात पुढे केला.